पहिल्या सिनेमाच्या रस्त्यावर

फ्रान्समधल्या ल्योंला, माझ्याकडे पाहुणे आले की फुर्विएरची टेकडी आणि जुनं गाव दाखवणं ओघानेच येतं. त्यानंतर मी हट्टाने त्यांना मेट्रोच्या डी लाइनने मोंप्लेझीरला नेते. तिथल्या एका रस्त्याचं नावच आहे 'पहिल्या सिनेमाचा रस्ता'. 1895 च्या मार्चमध्ये, सिनेमाचं यंत्र बनवणाऱ्या ल्युमिएर भावांपैकी लुईने इथे कॅमेरा लावला आणि घरच्याच कारखान्यातून सुटणारे कामगार टिपले. कारखाना कॅमेऱ्यात फोटो टिपायला लागणाऱ्या काचांचा होता. सिनेमा जेमतेम पन्नास सेकंदांचा, त्यात माणसं फाटकातून बाहेर पडतात आणि संपतो.

"एवढंच?" असं पाहुणे विचारतात. मी म्हणते, पुन्हा बघा.

बाहेर पडणाऱ्यांत बहुतेक बायका आहेत, लांब झग्यांत, डोक्यावर हॅट घातलेल्या. एकजण मैत्रिणीचा झगा ओढून पळते. मध्येच सायकलवाले, मध्येच कुत्रा. पण एवढ्या गर्दीत कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारं कोणीच नाही! डावीकडे वळा नाहीतर उजवीकडे. सरळ कॅमेऱ्याच्या अंगावर कोणी येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओतही एवढी शिस्त दिसत नाही. सतरा मीटरची फिल्म हाताने दांडी फिरवून चालायची, ती संपायच्या आत सगळ्यांना बाहेर पडायचं होतं. ही लगबग नुसती घरी जायची नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय हे चित्रीकरण एकदाच झालं नाही. तीन आवृत्त्या आहेत आणि त्या ओळखायच्या घोड्यांवरून: एकीत गाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत घोडागाडीच नाही. नंतरच्या आवृत्त्यांत कपडेही ठेवणीतले वाटतात. रोजच्या जगण्याचा पहिला सिनेमा म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याचेही असे रिटेक झाले. मला तर त्यामुळे तो जास्तच आवडतो.

कारखाना आता पाडलाय. त्यातली फक्त एक शेड जपून ठेवली आहे आणि तिथे सिनेमाचं थिएटर आहे. शेजारी ल्युमिएरांचा बंगला, त्यात संग्रहालय. ऑक्टोबरातल्या सिनेमा महोत्सवात मोठमोठे दिग्दर्शक याच जागी कामगार सुटण्याचा प्रसंग पुन्हा चित्रित करतात.

मुंबईकरांनी हा सिनेमा फार उशिरा पाहिला असं समजू नका. पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ झाला तो 28 डिसेंबर 1895 ला. 7 जुलै 1896 ला तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला, तिकीट एक रुपया. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांपासून तिकिटं निघाली आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले गेले. त्याच काळात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, यांना या यंत्राचं वेड लागलं. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली.