पिन आहे का गं?

आईच्या बांगडीत कायम चार-पाच सेफ्टी पिना लटकलेल्या असायच्या. लग्नघरात "पिन आहे का गं कुणाकडे?" अशी हाक आली की सगळ्या तिच्या मनगटाकडे बघायच्या. ती द्यायची, पण कुरकुरत. दिलेली पिन परत येत नाही, हा तिचा सिद्धांत. (१८४९ मध्ये सेफ्टी पिनेचं पेटंट घेऊन वॉल्टर हंटने ते ४०० डॉलरला विकून टाकलं. त्यालाही पिन परत मिळाली नाहीच.)

बिर्काबद्दल वाचताना हे मनगट आठवलं. स्टॉकहोमच्या पश्चिमेला, मेलारेन सरोवरातल्या ब्योर्को बेटावर हे व्हायकिंगांचं, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींचं, व्यापारी गाव होतं. १८७१ मध्ये याल्मार स्टोल्पे हा स्वीडिश कीटक-अभ्यासक तिथे गेला तो अंबर, म्हणजे झाडाचा दगड झालेला डिंक, शोधायला, त्यात अडकलेल्या किड्यांसाठी. गेला किड्यांच्या नादाने आणि पुढे सुमारे अकराशे कबरी उकरून बसला!

बायकांच्या कबरींत ब्राँझच्या लंबगोल पिनांची जोडी सापडते. कासवाच्या पाठीसारख्या फुगीर, वर दाट नक्षी. खांद्यांच्या जरा खाली, डावीउजवीकडे एकेक. झग्यावर नेसायच्या वस्त्राचे पट्टे त्यांत अडकवायचे, मधे मण्यांच्या माळा सोडायच्या. थाट सगळा नक्षीचा, राबायची मात्र मागची लोखंडी सुई. अंगावरचं कापड मातीत कुजलं, पण पिनेला चिकटलेला तुकडा गंजाने आणि ब्राँझच्या क्षारांनी राखला. कुठे पट्ट्याची गाठ, कुठे नखाएवढं लिनन. अशा चिंध्या तपासून आग्नेस गेयर यांनी १९३८ मध्ये बिर्काच्या कापडांवर अख्खा ग्रंथ लिहिला.

आपल्याकडे कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. तिथे बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. पिनांची आशा मी धरलीच नव्हती. गाठ मारली, निऱ्या खोचल्या, कासोटा घातला की नऊवारी पक्की! पिना लागतात त्या आम्हा सहावारीवाल्यांना, त्याही पदराच्या प्रत्येक घडीला एक.

आईची एक मोतिया रंगाची साडी माझ्याकडे आहे. खांद्यावर येतो त्या जागी पदराला गंजाचा तपकिरी ठिपका पडलाय. ड्रायक्लीनवाल्याने दोनदा हात टेकले, तिसरीकडे दाखवा म्हणाला. तिसरीकडे नेणार होते. आता राहू दे.