बर्फ लोटणारी गाडी वेग घेतल्यावरच का तापते?

माझा भाचा कॅनडात हिवाळ्यात पिकअप ट्रकला पुढे लोखंडी पाते लावून पार्किंगच्या जागांमधला बर्फ लोटण्याचे काम करतो. कडाक्याच्या थंडीतही इंजिन तापते, अशी तक्रार त्याने फोनवर केली. तिथल्या गॅरेजने थर्मोस्टॅट (कूलंटची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) आणि वॉटर पंप दोन्ही बदलून दिले होते, तरी फरक पडला नव्हता. मी त्याला एवढेच विचारले, "गाडी नेमकी केव्हा तापते?" तो म्हणाला, "मामा, बर्फ लोटताना तापमानाचा काटा जागेवर असतो, मोठ्या रस्त्याला लागून वेग घेतला की चढतो."

निदान बहुतेक या उत्तरातच होते. कसारा घाट चढताना, म्हणजे वेग कमी आणि भार जास्त असताना गाडी तापली, तर आम्ही नाशिकचे मिस्त्री आधी पंखा आणि फॅन बेल्ट पाहतो. सपाट रस्त्यावर वेगात तापली, तर रेडिएटरमधून हवा किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) पुरेसे जात नाही असे धरून चालतो. भाच्याच्या गाडीचे पाते प्रवासात पूर्ण उचललेले असे आणि ते बरोबर जाळीसमोर येऊन समोरची हवा बॉनेटवरून उडवून लावत असे. त्यात पंख्याचा व्हिस्कस क्लच, म्हणजे गरज पडेल तसा पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग, रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेवर चालतो. ती हवाच पोहोचली नाही, तर इंजिन तापूनही पंखा जोर धरत नाही. त्यामुळे प्रवासात पाते एका बाजूला पूर्ण तिरके करावे, रस्त्याला घासणार नाही इतके खाली ठेवावे आणि वेग आवरावा, असे मी त्याला सांगितले. थंडीसाठी जाळीवर लावलेले आच्छादनही काढायला लावले.

कूलंटची तपासणी मात्र त्याआधीच करून घेतली. निम्मे ग्लायकोल (कूलंटमधले गोठणरोधक द्रव) आणि निम्मे पाणी हे मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. पाणी जास्त झाले तर ते रेडिएटरमध्येच गोठू लागते, प्रवाह अडतो आणि बाहेर बर्फ असताना आत इंजिन उकळते. नुसते ग्लायकोल भरणेही चुकीचे, कारण ते उणे 13 अंशांच्या आसपासच गोठते.

लासलगाव, पिंपळगावच्या बाजारातून कांदा वाहणाऱ्या ट्रकांमध्ये हवा अशीच अडते, फक्त तिथे पाते नसून कांद्याची वाळलेली टरफले असतात. ती इंटरकूलर (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतात. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, पण मागून बॅटरी धरली की उजेड पलीकडे येत नाही. अशा वेळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने धुवावे; जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्याच्या घड्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये; आतले कूलंट दाबाखाली असते, आणि झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येते.

भाच्याचे कूलंट योग्य निघाले. पाते तिरके आणि खाली ठेवल्यापासून काटा मोठ्या रस्त्यावरही स्थिर आहे. रेडिएटरच्या घड्यांमध्ये रस्त्यावरच्या मिठाचा आणि चिखलाचा थर अजून आहे. तापमान शून्याच्या वर गेल्याशिवाय तो धुऊ नकोस, नाहीतर पाणी घड्यांमध्येच गोठेल, असे मी त्याला बजावले आहे.