अख्ख्या गव्हाच्या कुकीज आणि कोंड्याला लागणारा वेळ

मैद्याच्या कुकीजची कृती घ्यायची, मैद्याऐवजी तितकेच गव्हाचे पीठ घालायचे आणि बाकी काहीही न बदलता ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा, अशा रीतीने केलेल्या कुकीज बहुधा कोरड्या आणि भरभरीत होतात आणि मग सारे खापर पिठावर फुटते. हा पिठावर अन्याय आहे, असे माझे मत आहे. घरच्या कुकीजसाठी मी अख्ख्या धान्याचे पीठ घेते, ते केवळ पौष्टिक म्हणून नव्हे, तर त्याची चव मला मैद्याहून मनापासून अधिक आवडते म्हणून; आणि ती चव पदार्थात उतरायची असेल, तर या पिठाचा स्वभाव ओळखून कृती त्याला साजेशी बसवावी लागते.

गव्हाच्या दाण्यात बाहेरचा कोंडा, आतला पिठूळ गाभा आणि एका टोकाला असलेला इवलासा अंकुर असे तीन भाग असतात. वजनाने पाहिले, तर सुमारे 83 टक्के दाणा म्हणजे गाभाच; कोंडा 14 टक्क्यांच्या आसपास आणि अंकुर जेमतेम अडीच-तीन टक्के. मैदा केवळ गाभ्याचा करतात. त्यामुळे तंतुमय पदार्थ, खनिजे आणि ब गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा ज्या भागांत असतो, नेमके तेच बाजूला पडतात. 100 ग्रॅम मैद्यात तंतुमय पदार्थ 3 ग्रॅमच्या आत असतात, तर अख्ख्या गव्हाच्या पिठात ते 10 ग्रॅमच्या वर जातात. म्हणूनच कुकीजसाठी हे पीठ चाळून कोंडा काढून टाकणे मला मुळीच पटत नाही.

हाच कोंडा मळताना आपला स्वभाव दाखवतो. तो गाभ्यापेक्षा जास्त पाणी पितो, पण सावकाश पितो. पीठ नुकतेच कालवलेले असते तेव्हा गोळा सैल आणि चिकट लागतो, आणि तो पाहून हात आपसूक पिठाच्या डब्याकडे जातो. तेवढे मात्र टाळावे. गोळा झाकून फ्रिजमध्ये निदान तासभर, आणि शक्य असेल तर रात्रभर ठेवावा. या काळात कोंड्याचे कण लोणी, अंडे आणि दूध यांतला ओलावा शोषून मऊ होतात. सकाळी तोच गोळा हाताला न चिकटणारा, घट्ट आणि मऊसर लागतो. चिमटीत दाबून पाहिल्यास आधी बोटांना जाणवलेली रवाळ कचकच जवळजवळ नाहीशी झालेली असते. भाजल्यावर त्याचा रंगही अधिक गडद येतो आणि चव अधिक मुरलेली लागते. या सगळ्या खटाटोपात एकच पायरी राखायची असेल, तर मी हीच राखेन.

पावाच्या बाबतीत कोंडा अडचणीचा ठरतो, कारण त्याचे धारदार कण ग्लुटेनचे धागे तोडतात आणि पाव हवा तसा फुगत नाही. कुकीला मात्र ग्लुटेनची लांबच लांब जाळी नकोच असते. ती जितकी कमी तयार होईल, तितकी कुकी खुसखुशीत होते. म्हणूनच अख्ख्या धान्याची ओळख करून घ्यायला पावापेक्षा कुकी अधिक सोयीची, असे मी आवर्जून सांगते.

माझे प्रमाण असे आहे. 150 ग्रॅम अख्ख्या गव्हाचे पीठ, 100 ग्रॅम चपटे ओट्स, 115 ग्रॅम मऊ लोणी, 110 ग्रॅम ब्राऊन शुगर, एक अंडे, अर्धा चमचा बेकिंग सोडा, पाव चमचा मीठ, एक चमचा व्हॅनिला, एक-दोन मोठे चमचे दूध आणि वरून 60 ग्रॅम अक्रोडाचे तुकडे व तितकेच बेदाणे. पीठ वाटीने मोजण्यापेक्षा काट्यावर तोलावे, कारण वाटीत ते दाबून भरले की सैल भरले, यावर वजनात बराच फरक पडतो. ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत परतून, पूर्ण गार करून घालावेत. पाच-सात मिनिटांच्या या कामाने कुकीची चव पार बदलते. झटपट शिजणारे बारीक ओट्स गोळ्यात विरघळून जातात आणि जाडसर तुकड्यांचे ओट्स भाजूनही कडक राहतात, म्हणून चपटेच बरे.

लोणी बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतके मऊ असावे, वितळलेले नसावे. ते साखरेबरोबर फेटताना साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात आणि पुढे ओव्हनमध्ये तेच फुगतात. ब्राऊन शुगरमधल्या मळीमुळे ओलावा टिकतो, आणि तिच्यातल्या किंचित आंबटपणामुळे सोड्यालाही काम मिळते. अंडे नको असल्यास एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून, ती चिकट झाल्यावर घालावी. कच्चा गोळा मात्र चाखू नये. अंडे नसले तरी पीठ स्वतः कच्चेच असते.

साखरेबद्दल स्पष्ट बोलायला हवे. कोंडा असला म्हणून कुकीतले लोणी आणि साखर नाहीशी होत नाही. हा गोड खाऊच आहे आणि तो एक-दोनच खावा. साखर पाव हिश्श्याने कमी केली तरी चालते, कारण बेदाणे आणि परतलेले ओट्स तिची उणीव भरून काढतात. त्याहून कमी केली, की कुकी पसरत नाही, तिला रंग चढत नाही आणि ती कुकी न राहता गोडसर, घट्ट वडी होते. मला तो सौदा मान्य नाही.

गार गोळ्याचे लिंबाएवढे गोळे करून, किंचित चपटे दाबून, पुरेसे अंतर राखून ट्रेवर मांडावेत. ओव्हन आधी 175 अंश सेल्सिअसला तापवावा आणि कुकीज साधारण 12 ते 14 मिनिटे भाजाव्यात. या पिठाचा रंग मुळातच तपकिरी असल्यामुळे केवळ रंगावर विसंबता येत नाही. कडा घट्ट झाल्या आणि मधला भाग अजून मऊ दिसत असला, की ट्रे बाहेर काढावा; गरम ट्रेवरच्या पाचेक मिनिटांत मधला भाग आपोआप बसतो. त्यानंतर कुकीज जाळीवर काढाव्यात, नाहीतर खालच्या बाजूला वाफ धरते.

अंकुरात तेल असल्याने हे पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होते. डबा उघडताच कडवट, शिळ्या तेलासारखा वास आला, तर त्या पिठाच्या कुकीज करूच नयेत. थोडेच पीठ आणून घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रीझरमध्ये ठेवावे. तयार गोळेही फ्रीझरमध्ये चांगले टिकतात. ते तसेच गोठलेले भाजायला ठेवले, तर दोनेक मिनिटे जास्त द्यावी लागतात.