कांडी भरणारी कुठाय?

नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या गल्लीत आमचं भित्तिचित्राचं शिबिर चार दिवसांचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी रंगवलेली अर्धी भिंत पुसायला लावली. अशी वेळ माझ्यावर आजवर एकदाच आली, म्हणून लिहून ठेवते आहे.

भिंत ६० फूट लांब, ९ फूट उंच. पायथ्याशी कायमचा कचरा. पहिला दिवस तारेच्या ब्रशने लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर फुटलेला खार, खरवडण्यात, भेगा बुजवण्यात आणि प्रायमर मारण्यात गेला. मे महिन्यात नागपुरात भिंतीवरचं काम सकाळी सहा ते दहा. त्यानंतर भिंत हात लावू देत नाही, रंग रोलरवरच सुकतो. दुपारी मग लोकांना बोलतं करायचं आणि कागदावर आराखडा काढायचा.

लॉस एंजेलिसमध्ये भित्तिचित्रकार ज्युडी बाका यांनी १९७६ मध्ये शेकडो मुलांना सोबत घेऊन एका कालव्याची भिंत रंगवायला सुरुवात केली. ते चित्र सुमारे अर्धा मैल लांब आहे. ब्रश उचलण्याआधी तिथल्या माणसांचा इतिहास ऐकायचा, ही त्यांची पद्धत मला पटलेली. मीही दोन दुपारी ऐकलं. विषय लोकांनीच सांगितला: माग. इथे घरोघरी खड्डामाग होते. शहरात कोष्टी, मोमीन, महार, सगळ्यांच्याच घरी माग चालायचे. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले, आणि घरचे माग एकेक करून बंद पडले. काकालोकांनी फणी, आडवं सूत नेणारा धोटा, पायाखालच्या पावड्या, सगळं हाताने करून दाखवलं. बायका मागे बसून होत्या. चहा त्यांनीच केला.

तिसऱ्या दिवशी निळीची दोरी मारून आखलेल्या चौकटींत पोट्ट्यांनी मागावर बसलेला विणकर भरत आणला होता. सुंदर झाला होता. तेवढ्यात कळशी घेऊन निघालेली एक आजी थांबली. सत्तरीची असेल. बराच वेळ बघत राहिली, मग मला म्हणाली, "काव पोरी, कांडी भरणारी कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सूत गुंडाळलेली नळी. तिने कळशी खाली ठेवली. "हा माणूस विणून रायला. धोट्यात सूत कुठून आलं? सात वर्षांची होती मी, तवापासून कांड्या भरल्या. माय भरे, सासू भरे. दिवसभर. कोणी पैसा नाही देल्ला त्याचा."

गल्ली गप्प झाली. एक तरुण म्हणाला, "मॅडम, रंग वर्गणीतून आणलाय, आता कुठं बदलता?" त्याचं चुकीचं नव्हतं. घराघरांतून वीस-पन्नास रुपये गोळा केलेले. पण आजी जे म्हणत होती ते मी दोन दुपारी ऐकायला बसूनही ऐकलं नव्हतं, कारण मी बायकांना विचारलंच नव्हतं. कुणाचे कष्ट दिसतात आणि कुणाचे दिसत नाहीत, यासाठीच तर मी भिंती रंगवते. तो प्रश्न माझ्याच आराखड्यात निसटला होता.

तिढा सोडवला तो ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या विणकराने. "बरोबर हाय तिचं. कांडी नसन तं धोटा काय कामाचा?"

मी रोलर मागवला. डावीकडच्या अर्ध्या भागावर पांढऱ्याचे दोन हात दिले. त्या उन्हात अर्ध्या तासात सुकले. आमच्या शिबिरातली मोमिनपुऱ्याची एक मुलगी तोवर स्कूटरवरून घरी जाऊन तिच्या आजीचा चरखा घेऊन आली, पोत्यात गुंडाळलेला. कळशीवाली आजी त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि उजव्या हाताने चाक फिरवलं. डाव्या हाताची दोन बोटं सुताचा ताण धरून. "असं काढ. बोटं सैल नको. अन् पदर खोचलेला, नाहीतर चाकात जाते."

मग बायका आल्याच. एकीने सुताचा रंग सांगितला, दुसरी म्हणाली बाजूला झोपलेलं तान्हं पाहिजे, तिसरीने सरळ ब्रशच घेतला. दोन गल्ल्यांत नळावरून बोलणं बंद होतं. त्या दिवशी एकाच डब्यात ब्रश बुडवताना कुणाला ते आठवलं नाही. दहा वाजून गेले तरी कुणी हटेना, शेवटी वरून ताडपत्री बांधली. आजीच्या हातातलं सूत भिंतभर ओढत मागापर्यंत नेलं, ते तिनेच. हात थरथरत होता, रेघ वाकडी झाली. तशीच ठेवली.

पावसाळ्यात खालच्या दोन फुटांत पुन्हा लोणा आला, आजीच्या चित्राचे पाय गेले. गल्लीतल्या बायकांचा फोन आला: तारेचे ब्रश आणलेत, प्रायमर कोणता घ्यायचा? रविवारी सहाला पोचते आहे.