बिननावाच्या सात

साडेचार हजार. मिरजेच्या मिस्त्रींनी दुरुस्तीचा आकडा सांगितला आणि मी फोनवर नुसतं "हं" म्हटलं, ते हं होकाराचं होतं का नकाराचं ते माझं मलाच कळलं नाही. रात्री जेवताना विषय काढला तर बायको म्हणाली, साडेचार हजारात चांगला मिक्सर येतो, आपल्या मिक्सरचं भांडं वर्षभर गळतंय. पोरगं म्हणालं, बाबा, सहा-सात हजारात नवाकोरा मिळतो की, ब्लूटूथवाला, सूटकेससारखा. दोघांचंही बरोबर. आई काहीच बोलली नाही, ताकभात कालवत बसली. आई गप्प बसली की मला उगाचच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

तर वस्तू म्हणजे आमच्या अण्णांचा रेकॉर्ड प्लेअर. डेक गॅरार्डचा, मूळची इंग्लंडातली स्विंडनची कंपनी, अण्णांनी तो मुंबईला लॅमिंग्टन रोडवर घेतला आणि रात्रभर एसटीत मांडीवर धरून आणला, आणि पेटी सांगलीत सुताराकडून सागवानी करून घेतली. स्पीकर वगैरे भानगड नव्हती. घरात वॉल्व्हचा रेडिओ होता, त्याच्या मागं पिकअपची दोन भोकं असायची, त्यात वायर खोचली की रेडिओच गायला लागायचा. तो रेडिओ मीच भंगारवाल्याला दिला, ऐंशी रुपयाला, आणि वर त्याला चहा पण पाजला. दिवाळीच्या आधी माळा झाडताना ही पेटी खाली आली आणि तेव्हापासून हॉलमध्ये टीव्हीच्या खाली बसून आहे, दुरुस्त करायची का कुणालातरी देऊन टाकायची ते ठरत नव्हतं म्हणून.

आता खरी अडचण. प्लेअर आहे पण रेकॉर्ड नाहीत. पूर म्हटल्यावर सांगलीकराला बाकी काही सांगावं लागत नाही, तरी सांगतो. आमचं घर गावभागात. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं आणि आमच्या घरात दीड फूट आलं होतं, भिंतीवर तो पट्टा कितीही रंग दिला तरी पावसाळ्यात ओल धरून दिसायचाच. त्यामुळं २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही अगदी हुशारीनं वागलो. कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले, गहू-तांदूळ टेबलावर, गॅसची टाकी कट्ट्यावर, आणि रेकॉर्ड्स तिसऱ्या कप्प्यात, म्हणजे जुन्या पट्ट्यापासून चांगल्या दोन फूट वर. कुलूप लावून विश्रामबागेत बहिणीकडं गेलो. पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. घरात पाच फूट. २००५ ची पट्टी लावून वागलेला मी एकटाच नव्हतो म्हणा, अख्ख्या गल्लीनं तेच केलं होतं.

परत आलो तेव्हा काय होतं ते लिहीत बसत नाही. चिखल, आणि तो वास. गाद्या, पुस्तकं, फ्रीज, लग्नाचा अल्बम, सगळं उचलून रस्त्यावर. प्रत्येक घरापुढं ढीग, आणि दोन दिवसांत ढिगाला ढीग लागून कुठला कुणाचा ते पण कळेना. त्यात रेकॉर्ड्सचे दोन खोके मी स्वतः टाकले. कव्हरं भिजून लगदा झालेली, लेबलं सुटून आलेली, प्रत्येक तबकडीवर कृष्णेचा काळा गाळ. साठ-पासष्ट तरी असतील. त्यात किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या लाखेच्या जुन्या रेकॉर्ड्स होत्या, ७८ च्या स्पीडच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं की संपली. अण्णा त्या लावायच्या आधी हात धुवायचे. पेटी तेवढी माळ्यावर होती म्हणून वाचली. म्हणजे ताट राहिलं आणि स्वैपाक गेला.

तरीपण मिस्त्रींकडं न्यायच्या आधी एकदा चालू करून बघू म्हटलं. पोरानं यूट्यूबवर बघून शिलाई मशीनचं तेल मोटरच्या वरच्या बुशिंगमध्ये दोन थेंब सोडलं, प्लग लावला, आणि बराच वेळ गुरगुरून, जणू झोपमोड झाल्यासारखी, ती थाळी हळूहळू फिरायला लागली की हो. स्पीड मोजायची एक सोपी युक्ती आहे. एलपीचा स्पीड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा आणि मोजायचं. मी दोनदा मोजायला बसलो आणि दोन्ही वेळा साठच्या पुढं नजर हलली. शेवटी आई देवघरातून जपमाळ घेऊन आली. एक फेरा, एक मणी. पोरानं मोबाईलवर तीन मिनिटं लावली. गजर वाजला तेव्हा माळेतले एक्क्याण्णव मणी सरकले होते. म्हणजे नऊ टक्के कमी, म्हणजे हार्मोनियमच्या काळी दोन सुरात गाणारा माणूस जवळजवळ काळी एकवर उतरणार, आणि सर्दी झाल्यासारखा. आवाज मात्र कसलाच नाही. वायर टीव्हीला जोडून सुई बोटानं हळूच घासली तरी टीव्हीच्या स्पीकरमधून साधं खर्र पण नाही.

मिस्त्रींचं दुकान मिरजेत, दर्ग्याच्या अलीकडच्या बोळात. खाँसाहेब १९३७ साली तिकडं मद्रासकडच्या प्रवासात गेले पण त्यांची माती मिरजेचीच, याच दर्ग्यात, आणि उरसाला अजून गाणारे येतात. बोळात शिरायच्या आधी सतारमेकरांची दुकानं लागतात, छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले. २०२४ ला इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. एका दुकानात एक म्हातारबाबा तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढत होते, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासत होते, एकदा कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत एकदा फिरवायची. मी पेटी हातात धरून पाच मिनिटं तिथंच उभा होतो, हात भरून आले तेव्हा लक्षात आलं.

मिस्त्रींनी थाळी उचलली आणि आत बघून पहिलं काय म्हटलं असेल तर, "ही शेवटची कुणी बंद केली हो?" झालं असं की मोटरच्या पुली आणि थाळीच्या मधे एक रबरी चाक असतं, आयडलर म्हणतात, तेच थाळीला फिरवतं. खटका ऑफ केला की ते चाक मागं सरतं. पण कुणीतरी खटका ऑफ न करता नुसता प्लग काढला असणार, किंवा लाईट गेली असेल आणि परत कुणी लावलीच नसेल, त्यामुळं ते रबर वर्षानुवर्षं पुलीवर दाबून राहिलं, त्याला खोक पडली आणि ते दगडासारखं झालं. म्हणून घसरतंय. त्यांनी चाकावर नख मारून दाखवलं, टक् टक् आवाज आला, रबराचा येतो तसला नाहीच. कुपवाडच्या एमआयडीसीत एक लेथवाला आहे, तो नवं रबर चढवून देतो म्हणाले.

मग हेड, सुई बसते ते. त्याच्यावर कापडी टेपनं काहीतरी चिकटवलेलं, टेप काढली तर आत पावली. चार आण्याचं नाणं! रेकॉर्ड उड्या मारायला लागली की अण्णा वजन वाढवायचे तो हा प्रकार. ती पावली असते अडीच ग्रॅमची, आणि मुळात असल्या हेडचा रेकॉर्डवर पडणारा भार पाच-सहा ग्रॅम, त्यावर हे. "सुई न्हवं, नांगर चालवलाय," मिस्त्री म्हणाले. पावली माझ्या हातावर ठेवली. २०११ पासून चलनातून बाद झालेली, तरी मी पाकिटात घातली.

हेडच्या आतला स्फटिक मात्र मेलेला. जुन्या हेडमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असायचा, सुई हलली की तो मुरगळतो आणि त्यातून वीज निघते, तोच आवाज. पण तो आहे मीठच, दमट हवेत पाणी धरून खलास होतो. सांगलीच्या पावसाळ्यात तो टिकावा ही अपेक्षाच जास्तीची. आता त्याच्या जागी सिरॅमिकचं बसतं. शिवाय ते हेड थेट टीव्हीला जोडलं तर आवाज पातळ येणार, खर्ज गायब, म्हणून मधे एक छोटा प्रीॲम्प, हेडचा आवाज टीव्हीला जुळवून देणारी डबी. मोटर खोलून साफ करायची, वायरी बदलायच्या. हे सगळं धरून साडेचार हजार.

मी हिशोब करून नाही म्हणायचं ठरवलं. खरंच ठरवलं. शनिवारी पेटी परत आणायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी सहज विचारलं, "साहेब, रेकॉर्डी किती हायत?"

एकही नाही म्हटलं, पुरात गेल्या, टाकून दिल्या.

ते हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागले. "टाकल्या? आवो, प्लास्टिक हाय त्ये. कव्हर जातंय, कागूद जातोय, रेकॉर्डीला काय हुतंय? नळाखाली धरायची की."

मिरज-सांगली रस्ता दहा किलोमीटर पण नसेल, त्या दिवशी मला तो कोल्हापूरपर्यंत गेल्यासारखा वाटला. पेटी मी आणली नाही, का नाही ते पण माहीत नाही, येतो परत म्हणून निघालो. घरी येऊन आईला सांगितलं की बघ, मी अण्णांच्या साठ रेकॉर्ड्स चांगल्या असताना टाकल्या. आणि हे मी चार दिवसांत इतक्या वेळा सांगितलं की बायको म्हणाली, तुमची पिन अडकलीय, कुणीतरी वरून पावली ठेवा आता.

पाचव्या दिवशी आई उठली, तिच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेतून जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं एक बोचकं आणून माझ्यापुढं ठेवलं. सात रेकॉर्ड्स. स्वच्छ, काळ्याभोर, मधे लेबलाच्या जागी नुसता पांढुरका डाग.

"ढिगातनं काढल्या मी. रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या. जास्त उचलवल्या नाहीत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"वाजवायला होतं काय?"

यावर काय बोलणार. पोरानं लगेच मोबाईलचा टॉर्च मारला, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत बारीक अक्षरांत नंबर ठोकलेला असतो, तो टाकून नेटवर शोधायला लागला. एकीचा लागला, हिंदी सिनेमाची निघाली. दुसरीचा नंबर टाकणार तेवढ्यात आई म्हणाली, राहू दे रे, सगळंच आधी कळून काय करायचंय. मी बाहेर जाऊन मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, रबर कालच लेथवाल्याकडं पाठवलंय. मी हो कधी म्हटलं होतं, असं विचारायचं होतं, विचारलं नाही. मिक्सर संक्रांतीला घ्यायचं ठरलं.

तीन आठवड्यांनी पेटी घरी आली. आधी माळेची परीक्षा. माझ्या मते नव्व्याण्णव, आईच्या मते शंभर, तिचं धरलं. मग सातातली सगळ्यात कमी चरे असलेली काढून लावली, सुई टेकली, खरखर झाली, हार्मोनियम वाजली, झांजा वाजल्या आणि एक बाई गायला लागली. भजन होतं एवढं कळलं. शब्द मात्र एकही लागेना. मी स्पीड बघितला, बरोबर होता. बायको म्हणाली, उलटी लावलीय का?

आईचं माहेर जतचं, कर्नाटकाच्या सीमेवरचं. ती दोन ओळी ऐकून म्हणाली, "कानडी हाय हे. आपली न्हवं ही."

आणि मग तिलाच आठवलं. शेजारच्या घरातल्या काकू, त्यांच्याकडं पहाटे कानडी भजनं लागायची, पुरानंतर ते लोक घर विकून विश्रामबागेत फ्लॅटवर गेले. त्यांचा ढीग आणि आमचा ढीग रस्त्यावर एकच झाला होता. आईनं अंधारात, चिखलात, हाताला लागल्या तेवढ्या उचलल्या होत्या. आता बाकीच्या पाचांतल्या कुणाच्या किती, देव जाणे.

तिनं तिथंच फोन लावला. "वहिनी, ऐका," एवढंच म्हणून मोबाईल स्पीकरपुढं धरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग अगदी बारीक आवाजात काकू त्या बाईच्या मागोमाग म्हणायला लागल्या, आणि रेकॉर्ड संपून सुई मधल्या पट्टीत फिरत राहिली तरी त्यांचं कडवं चालूच होतं. संपल्यावर म्हणाल्या, "आता दुसरी बाजू लावा की."

मी उठून रेकॉर्ड उलटली.