पेन्सिलीने लिहिलेला प्रयोग

लंडनमध्ये नाट्यविषयक पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला तेथील व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवण्याची वाट फारशी मोकळी नसते. पदवी वा त्यावरील शिक्षणासाठी मिळणाऱ्या विद्यार्थी व्हिसाच्या अटींनुसार सत्र चालू असताना आठवड्याला साधारणपणे २० तासच काम करता येते, आणि त्या तासांतही व्यावसायिक कलाकार म्हणून काम करण्यास किंवा स्वतंत्र व्यवसाय करण्यास मनाई असते. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली आणि गुणांकनासाठी धरली जाणारी इंटर्नशिप मात्र या तासांच्या हिशेबात येत नाही. माझ्या अभ्यासक्रमात अशी सोय होती, म्हणूनच दक्षिण लंडनमधील एका पबच्या वरच्या मजल्यावर असलेल्या छोट्या नाट्यगृहात मला एका नव्या नाटकाच्या तालमींपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत राहता आले. किंग्ज हेड या इस्लिंग्टनमधील पबात १९७० साली नाट्यगृह सुरू झाले आणि त्यानंतर अशी अनेक नाट्यगृहे शहरात उभी राहिली. जागा लहान, पैसा त्याहून कमी आणि माणसे मोजकी असल्यामुळे शिकाऊ माणसाच्या हातीही येथे खरे काम लवकर येते.

मी दिग्दर्शन शिकण्यासाठी आले होते आणि दिग्दर्शकाच्या शेजारची खुर्ची मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. मिळाली ती डेप्युटी स्टेज मॅनेजरच्या शेजारची. ब्रिटिश पद्धतीत तालमीत प्रत्येक हालचाल टिपणारी आणि प्रयोगात प्रत्येक प्रकाशबदलाची, ध्वनीची सूचना देणारी व्यक्ती हीच असते, आणि तिच्यापुढे असलेली जाडजूड फाइल म्हणजे प्रॉम्प्ट बुक. एका पानावर संहिता आणि समोरच्या पानावर हालचाली व क्यू, म्हणजे प्रकाश-ध्वनी बदलण्याच्या क्रमांकित सूचना, अशी तिची मांडणी असते. पात्रांची आद्याक्षरे वर्तुळात, दिशा बाणांनी, आणि सगळे पेन्सिलीने, कारण सकाळी ठरलेली गोष्ट दुपारी बदलते. दिग्दर्शक मनात काय योजतो हे तालमीत सर्वांना थोडेफार कळते, पण त्याने प्रत्यक्षात काय ठरवले हे फक्त या फाइलीतच सापडते. दिग्दर्शनाचा अभ्यास करणाऱ्याने आधी काही आठवडे ही फाइल लिहावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पहिल्या दिवसाचे काम मात्र गुडघ्यांवर बसून करायचे होते. नेपथ्याचा आराखडा १:२५ या प्रमाणात काढलेला असतो. त्यावरून मोजमापे घेऊन तालमीच्या हॉलमधील जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी भिंती, दारे, पायऱ्या आखायच्या. दोन प्रवेशांची नेपथ्ये वेगळी असतील तर पट्ट्यांचे रंगही वेगळे. पट्टीने आखलेल्या भिंतीतून एखादा नट सहज आरपार चालत गेला, तर त्याला तेथल्या तेथे थांबवणे हेही शिकाऊ माणसाचे काम असते आणि सुरुवातीला त्याचा फार संकोच वाटतो. तालीम संपल्यावर त्या दिवसाचा अहवाल लिहून प्रकाश, ध्वनी, वेशभूषा आणि रंगमंचावरील वस्तू या सर्व विभागांना त्याच संध्याकाळी पाठवायचा असतो. ‘दुसऱ्या प्रवेशातील कोटाला आतल्या बाजूने खिसा हवा, त्यात पत्र मावले पाहिजे’ इतक्या साध्या वाक्यांचा हा अहवाल असतो, पण त्यातील एक वाक्य राहून गेले की वेशभूषाकाराचा एक अख्खा दिवस वाया जाऊ शकतो. विद्यापीठातील निबंधांनी मला जितके नेमके लिहायला शिकवले, त्याहून अधिक या अहवालांनी शिकवले, असे मी आमच्या प्राध्यापकांच्या कानावर घातले आहे. त्यांना ते आवडलेले दिसले नाही.

तांत्रिक तालमींपासून माझ्याकडे ध्वनीची जबाबदारी आली. कानावर हेडसेट, समोर लॅपटॉपवर आवाज वाजवणारी क्यूलॅब ही संगणकप्रणाली आणि बाजूला लाल-हिरव्या दिव्यांची छोटी पेटी. आधी ‘स्टँडबाय’चा इशारा येतो, त्याला उत्तर द्यायचे, आणि नंतर क्यूचा क्रमांक व शेवटी ‘गो’. हा शेवटचा शब्द उच्चारताच बोट चालते, म्हणून हेडसेटवर तो इतर कोणत्याही कारणासाठी वापरायचा नसतो, गप्पांत तर मुळीच नाही. साडेसातच्या प्रयोगासाठी नटांना सूचना द्यायच्या वेळाही अशाच काटेकोर असतात. ‘हाफ’ म्हणजे अर्ध्या तासाची सूचना ६:५५ ला दिली जाते, कारण मोजणी पडदा उघडण्याच्या वेळेपर्यंत नसून त्याआधी पाच मिनिटे, म्हणजे नटांनी विंगेत येऊन उभे राहण्याच्या वेळेपर्यंत असते. त्याच हिशेबाने पुढच्या सूचना ७:१०, ७:२० आणि ७:२५ ला. आमच्याकडे रंगपट आणि रंगमंच यांच्यात एकच दार होते, तरीही या चारही सूचना ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत दिल्या जात. मला प्रथम हा सोपस्कार वाटला. पण नटाचा सबंध संध्याकाळचा वेळ त्या चार सूचनांवर बेतलेला असतो, कोणी त्यानुसार आवाज तापवतो, कोणी मेकअपला बसतो, हे रोज पाहिल्यावर त्यातली गरज समजली.

प्रयोग सुरू झाल्यावर दिनक्रमच उलटा झाला. तालमी सकाळी दहाला असत तेव्हा डिसेंबरमध्ये चारच्या आधीच सूर्य मावळे आणि दिवस खिडकी नसलेल्या हॉलमध्ये जाई. आता सकाळ मोकळी आणि रात्र कामाची झाली. तो मोकळा वेळ मी वाचनालयासाठी राखला, कारण प्रबंधाची तारीख इंटर्नशिपसाठी पुढे ढकलली जात नाही. कपडे धुणे, आठवड्याचा स्वयंपाक आणि घरी फोन या सर्वांसाठी उरला रविवार, त्या दिवशी आमचा प्रयोग नसे. रात्री परतताना मी बहुधा बसनेच येई. रात्रभर चालणारी भुयारी रेल्वे फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, तीही मोजक्याच मार्गांवर असते, पण ‘एन’ क्रमांकाच्या रात्रीच्या बसगाड्या रोज धावतात. विद्यार्थ्यांच्या ऑयस्टर या प्रवास-कार्डावर बसचा पास ३० टक्के सवलतीत मिळतो. येथे येणाऱ्या कोणीही ते कार्ड पहिल्याच आठवड्यात काढावे.

अशाच एका सकाळी मी नॅशनल थिएटरच्या अभिलेखागारात गेले. ही संस्था १९६३ साली ओल्ड व्हिक या जुन्या नाट्यगृहात सुरू झाली आणि १९७६ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावरील स्वतःच्या इमारतीत गेली. अभिलेखागार मात्र अजून ओल्ड व्हिकच्याच रस्त्यावर, द कटवर आहे. आधी वेळ ठरवून गेल्यास तेथे जुन्या प्रयोगांची ध्वनिचित्रमुद्रणे पाहता येतात आणि प्रॉम्प्ट बुकही समोर मिळतात. मुद्रण आणि फाइल दोन्ही मागवावीत, असे मी सुचवीन. मुद्रणात नटाचे थांबणे दिसते. तो थांबा नेमक्या कोणत्या शब्दानंतर बांधला गेला आणि प्रकाश त्याच्या आधी बदलला की नंतर, हे फाइलीत दिसते.

शेवटच्या आठवड्यात आमच्या डेप्युटी स्टेज मॅनेजरला एका प्रयोगाला येता येणार नव्हते. बदली म्हणून आलेल्या बाईंनी नाटक एकदाच, आदल्या रात्री प्रेक्षकांत बसून पाहिले होते. दुपारभर त्यांनी आमची फाइल वाचली आणि मला एकच प्रश्न विचारला, की दुसऱ्या अंकातील दाराचा आवाज नटाच्या हाताच्या हालचालीवर द्यायचा की वाक्यावर. ‘हातावर,’ मी सांगितले. त्यांनी पेन्सिलीने तेथे एक छोटीशी खूण केली आणि संध्याकाळी संपूर्ण प्रयोग त्या फाइलीवरून चालवला. प्रयोगाच्या अहवालात दोन्ही अंकांचा कालावधी नेहमीपेक्षा मिनिटभराने इकडेतिकडे, एवढाच फरक नोंदला गेला. पुढील सत्रासाठी मी दिग्दर्शनाऐवजी रंगमंच व्यवस्थापनाचा विषय निवडल्याचे अर्जात लिहिले आहे, आणि सोबत जोडण्यासाठी त्या फाइलीतील दुसऱ्या अंकाच्या पानांची प्रत संस्थेकडून मागितली आहे.