तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडचे सिद्दी जंजिऱ्याचेच का?

पुण्या-मुंबईचे पाहुणे दांडेलीला राफ्टिंगला येतात, येताजाता कर्नाटकातल्या आमच्या हल्याळला थांबतात, बाजारात कुरळ्या केसांची सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकन वंशाची, माणसं चक्क आपल्यासारखी कोंकणी-मराठी बोलताना ऐकतात आणि मग मला ठरलेला प्रश्न येतो, "हे जंजिऱ्याचे सिद्दीच ना?"

नाही हो. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिऱ्याची तटबंदीच दिसते, फार तर मलिक अंबर. तोसुद्धा गुलाम म्हणून विकला गेलेला, पण निजामशाहीत वजीर झाला. आमच्याकडच्या बहुतेक सिद्द्यांच्या पूर्वजांना असा चान्स मिळाला नाही, कारण ते पोर्तुगीजांच्या गोव्यात विकले गेले.

आफ्रिकेतून, जास्त करून मोझांबिककडून, माणसं जहाजात भरून आणायची. 1583 ला गोव्यात आलेला लिन्सखोटन नावाचा डच माणूस लिहितो की शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज लिलाव भरायचा, अरबी घोडे, मसाले आणि त्याच रांगेत माणसं, लहान-थोर सगळी. जुन्या गोव्यात आपण चर्च बघायला जातो ना, तिथलाच हा रस्ता. विकत घेतलेल्याने मग मालकाची पालखी उचलायची, त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, आणि बायकांनी भरतकाम नि मुरंबे-मिठाया करून त्या दारोदार विकायच्या. बायंगिणीच्या झऱ्याचं पाणी घागरींतून शहरात नेऊन विकायचं कामही गुलामांचंच, पैसे अर्थात मालकाचे. म्हणजे घरात बसून खाणारा साहेब आणि त्याला पोसणारा गुलाम, असा तो संसार. कोंकणीत आफ्रिकन माणसाला खापरी म्हणतात तो शब्दही याच व्यवहारातला, अरबी काफिरचा पोर्तुगीजांनी काफ्री केला आणि तोच इथे रुळला.

पळायला मात्र सोय होती. घाट चढला की पोर्तुगीजांची हद्द संपली, पुढे नुसतं रान, आणि तेच रान म्हणजे आजचे यल्लापूर, हल्याळ, अंकोला हे तालुके. (सगळेच पळून आले असं नाही, काही आदिलशाहीकडूनही आले असणार.) कागदावर गुलामी 1869 च्या पोर्तुगीज हुकुमाने संपली, पण सुटलेल्यांनी 1878 पर्यंत मालकाकडेच राबायचं असंही त्याच हुकुमात लिहिलेलं, ही कसली सुटका ते तुम्हीच बघा! रानात आलेल्यांना तरी काय मिळालं, दुसऱ्याच्या सुपारीच्या बागेत मजुरी. अनुसूचित जमातीत नाव लागायला 2003 उजाडलं.

आता ते आफ्रिकेतलं काय राहिलं असं विचाराल तर भाषा गेली, धर्म तीन झाले, कुणी ख्रिश्चन, कुणी मुसलमान, कुणी हिंदू. पण दमाम, म्हणजे त्यांचा ढोल, वाजला की तिघंही एकत्र नाचतात आणि वाडवडिलांना, म्हणजे हिरियारूंना, नारळ ठेवून पुजतात.

आणि कवंदी. आपली गोधडीच, पण आमच्या आजीकडे कामाला येणाऱ्या सिद्दी मावशी ती शिवायच्या तेव्हा मी तासन्‌तास बघत बसायचो. खाली जुनं लुगडं अंथरायचं, एका कोपऱ्यापासून सुरुवात, चिंध्यांचे तुकडे दुमडून कडेकडेने धावदोरा घालत गोल गोल आत यायचं आणि मधोमध संपवायचं. आणि चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्यांची फुलं पाहिजेतच, त्याशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणायच्या, तशी त्या कुणाला देतच नसत. हल्ली काही जण ही कला थेट आफ्रिकेतून आली म्हणून सांगतात, मला ते जरा ओढूनताणून वाटतं, गोधड्या आपल्याकडे घरोघर शिवतातच की. पण ती फुलं मी आमच्या आजीच्या एकाही गोधडीला बघितली नाहीत.

तुम्ही विचारता तोच प्रश्न मी तेव्हा मावशींना विचारला होता, तुमचे लोक मूळचे कुठले. त्यांनी सुईनेच गोव्याकडे दाखवलं, म्हणाल्या तिकडून, चालत. त्याच्याही आधी कुठून, असं मी म्हटल्यावर त्यांनी मला सुईत दोरा ओवून द्यायला सांगितलं.